न चावणारी कोल्हापुरी

नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या घरात मी पहिल्या दिवशी जे भाषण ठोकलं, ते मला पुढे चार दिवस चांगलंच नडलं. भाषण मात्र फर्मास झालं होतं. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही.

मी घरोघरी जाऊन आजारी माणसांची देखभाल करते. नर्सिंग ब्यूरोच्या कागदावर मी रुग्णसेविका असते, घरचे लोक मला सिस्टर म्हणतात, आणि जरीपटक्याकडे आमच्या गल्लीत मला अजून 'नाटकवाली' म्हणतात. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्याकडे नाटक बसतं, त्यात मी ओळीने कितीतरी वर्षं खलनायिका होते. एकदा तर माझ्या सख्ख्या मावससासूने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. नटीला याहून मोठं बक्षीस काय असतं?

तर ते घर. घरात दोघंच. सर गणिताचे निवृत्त शिक्षक, नुकतेच ऐंशी पूर्ण झालेले. पंचवीस वर्षांची शुगर, जेवणाआधी इन्सुलिन. काकू उंचपुऱ्या, पण गुडघ्यांपुढे हात टेकलेल्या. एका सकाळी इन्सुलिन घेऊन सर पेपर वाचत बसले, नाश्ता राहून गेला, आणि शुगर इतकी खाली आली की घामाने निथळत ते खुर्चीतच कलंडले. काकूंनी प्रसंगावधान राखून साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. मग त्यांनी दिवसभरासाठी ब्यूरोकडून माणूस मागवलं. ते माणूस म्हणजे मी.

त्या घरात एक रीत होती. जो कोणी आत येईल तो आधी सरांच्या पाया पडे. जुने विद्यार्थी तर पडतच, पण गॅस सिलिंडरवाला आणि पाण्याचं मशीन दुरुस्त करणाराही पडायचा, कारण तेही कधीतरी सरांच्या हातून गणितात पास झालेले. त्यामुळे काकू मला अगदी सहज म्हणाल्या, ये बाई, आधी सरांच्या पाया पड, मग तुला स्वयंपाकघर दाखवते.

मी बॅग खाली ठेवली. पदर खोचला. रंगमंचावर मधोमध उभी राहते तशी हॉलच्या मधोमध उभी राहिले.

"काकू," मी म्हटलं, "मी सरांचं सारं करीन. शुगर तपासीन, इंजेक्शन देईन, रागावले तं ऐकूनबी घेईन. पण पाया नाही पडणार. माह्या आजोबानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरी येऊन पहिली गोष्ट हेच सांगितली, का आजपासून या घरातलं कोणी कोणाच्या पायावर डोकं ठेवणार नाही."

काकूंच्या हातात चहाचा ट्रे होता, तो तसाच राहिला. सरांनी पेपर खाली घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग त्यांनीच मला हात जोडले. मी मनातल्या मनात पडदा पाडला आणि टाळ्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. बोटाला सुई टोचून शुगर पाहिली, ती पांढऱ्या फळ्यावर लिहिली. जेवणाच्या टेबलाशेजारी भिंतीवर एक फळा होता, त्यावर काकू रोजचे आकडे लिहून ठेवत. मग इन्सुलिन, आणि इन्सुलिनमागे नाश्ता होतो की नाही हे स्वतः समोर बसून पाहणं. पोहे खाऊन झाल्यावर मी म्हटलं, सर, आता पाय दाखवा.

सरांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. थंडीचे दिवस, पायांत लोकरी मोजे.

"पायाचं नको," ते म्हणाले. "तू तर नकोच."

इथे थोडं थांबून सांगायला हवं की पायासाठी माझा एवढा हट्ट का. या कामाआधी मी सीताबर्डीला दुकानांच्या वरच्या एका हॉलमध्ये या कामाची शिकवणी लावली होती. तिथे आमच्यापैकी कोणाला तरी शुगर उतरलेला पेशंट करून दाखवावा लागे, आणि ते काम दरवेळी माझ्याकडे यायचं. मी घाम पुसायची, थरथरायची, उगाच चिडून शिव्या द्यायची आणि धाडकन कोसळायची. एकदा शेजारच्या बाईने घाबरून खरंच माझ्या तोंडात ग्लुकोज कोंबलं. तिला आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी शाबासकी दिली, आणि पुढे दहा मिनिटं हेही समजावलं की माणूस शुद्धीवर नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काही घालायचं नाही, श्वासनळीत जातं, सरळ दवाखाना गाठायचा. या बाई आयुष्यभर मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी एक गोष्ट आमच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली होती. बरीच वर्षं शुगर असली की पाय मुका होतो. काटा रुतला, चटका बसला, तरी तो ओरडत नाही. आणि तो ओरडत नाही म्हणूनच त्याच्याकडे रोज जाऊन विचारपूस करायची. जखम दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो, आणि कधी बोट जातं, कधी पाऊल.

म्हणून मला सरांचे पाय पाहायचे होते. आणि सर म्हणत होते, तू तर नकोच.

हे तीन शब्द कानात गेले आणि माझे कान तापले. या धंद्यात वेगळ्या कपाची घरं मी पाहिली आहेत. माझा कप उलटा करून मोरीजवळ ठेवतात आणि वर म्हणतात, सिस्टर, तुम्ही आमच्या घरच्याच आहात. मला वाटलं, हेही तसलंच. काल हात जोडले ते नाटक, आणि माझ्यापेक्षा मोठा नट समोर बसला आहे.

तरी काम ते काम. मी युक्त्या लढवल्या. नखं कापून देते म्हटलं, तर सर म्हणाले, काल कापली. खुर्चीखाली मुद्दाम पेनाचं टोपण पाडलं आणि उचलायच्या निमित्ताने वाकले, तर त्यांनी पाय उचलून सरळ दिवाणावर घेतले, वर शाल. ऐंशीच्या माणसाची ती चपळाई पाहून काकूच चकित झाल्या. आंघोळ ते स्वतः करायचे, दार लावून. स्वतः पाय पाहतात का, असं विचारलं तर म्हणाले, पाहतो की. चष्म्याचा नंबर असा की त्यांना पेपरही भिंगाशिवाय वाचता येत नव्हता. काकूंना खाली वाकता येत नव्हतं. म्हणजे त्या घरात ते पाय पाहणारं कोणी नव्हतं.

आणि संध्याकाळी बघावं तर गंमत. दोन-तीन जुने विद्यार्थी यायचे, सर पाय पुढे करून बसायचे, आणि ते मोज्यावरून हात लावून तो हात कपाळाला लावायचे. त्यांना पाय मिळायचे. मला नाही.

चौथ्या दिवशी मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, काकू, उद्यापासून दुसरी कोणी बोलवा. माझा हात सरांना चालत नसेल तर मी इथे कशाला? काकू कणीक मळत होत्या. त्यांना आधी समजलंच नाही मी काय म्हणते ते. समजलं तेव्हा त्यांनी पिठाचाच हात कपाळाला मारला.

"अगं वेडे, त्यांना तुझा हात कसा चालणार नाही? तुझं वाकणं त्यांना चालत नाही. पहिल्या दिवशी तू गेल्यावर मला केवढे बोलले, तिला पाया पड म्हणालीसच कशी म्हणून. आजोबांनी मिळवलेली ताठ मान माझ्या पायापायी वाकायला नको, असं म्हणत होते."

मी ओट्याला टेकले. चार दिवस मी ज्या भिंतीवर डोकं आपटत होते ती माझ्याच भाषणाची होती. कारकिर्दीतलं सर्वांत प्रभावी भाषण, आणि ते नको इतकं प्रभावी झालं होतं. हसावं की रडावं कळेना. मी हसले, कारण ते मला जास्त चांगलं जमतं.

मग विचार केला. आजोबांनी पायावर डोकं ठेवायला मनाई केली होती. पायासाठी डोकं लावायला कुठे केली होती?

चहा घेऊन व्हरांड्यात गेले. सर नुकतेच बागेत फेऱ्या मारून आले होते आणि पायातल्या कोल्हापुरीकडे कौतुकाने बघत होते. कोरी करकरीत, लालसर, अंगठ्याची. एका विद्यार्थ्याने ऐंशीव्या वाढदिवसाला दोघांना एकेक जोड आणला होता. सर मला सांगायला लागले की काय चामडं आहे, काय कारागिरी आहे, रोज सकाळी तासभर घालून फिरतो, पण एक दिवस चावली नाही. आतून काकूंचा आवाज आला की तुम्हाला नसेल चावली, मला दोन दिवसांत फोड आणला मेलीने, कपाटात टाकली आहे.

कप माझ्या ओठांपाशीच थांबला.

कोल्हापुरी घेणाऱ्या कोणालाही विचारा. नवी कोल्हापुरी चावते. लोक तिला तेल पाजतात, आठवडाभर लंगडतात, बोटाला पट्टी लावतात, आणि मग ती आयुष्यभर साथ देते. न चावलेली नवी कोल्हापुरी मी ऐकली नव्हती. सगळं घर ते चामड्याचं कौतुक समजत होतं. मला मात्र शिकवणीच्या बाईंचा आवाज ऐकू आला, की पाय ओरडत नाही.

सरांना नुसतं सांगून उपयोग नव्हता. सरांना सिद्ध करून द्यावं लागणार होतं, आणि मी तर दहावीच्या गणितात दुसऱ्या झटक्यात पास झालेली. तरी मी फळ्यापाशी गेले, शुगरच्या आकड्यांखाली रेघ मारली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं:

पक्ष: नवी कोल्हापुरी चावते. सरांना चावली नाही.
साध्य: ?

सर व्हरांड्यातून आत आले. चप्पल दाराशी काढून, मोजे चढवून, फळ्यासमोर येऊन उभे राहिले. नाकपुड्या फुलल्या होत्या. त्यांच्या फळ्यावर दुसऱ्याने काही लिहिण्याचा प्रसंग बऱ्याच वर्षांनी आला असावा. ते म्हणाले की विधान चुकीचं आहे, सगळ्या कोल्हापुरी चावतातच हे कोण म्हणतं, ही चांगल्या प्रतीची असेल. मी म्हटलं, काकूंचीही त्याच दुकानातली. ते म्हणाले, हिचे पाय नाजूक आहेत, एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही.

मला हेच हवं होतं. काकूंचे आणि माझे पाय एका मापाचे होते, हे मी दाराशी चपला पाहून आधीच हेरलं होतं. कपाटातून काकूंचा जोड काढला, पायात घातला आणि म्हटलं, हे घ्या दुसरं उदाहरण.

आणि मग मी चालले. हॉलमधून व्हरांडा, व्हरांड्यातून बाग, परत हॉल. आधी सरळ चालले. मग कंटाळा आला म्हणून राणीसारखी चालले, मग फौजदारासारखी, मग सुनेला छळायला निघालेल्या माझ्या त्या खलनायिकेसारखी. काकू दारात उभ्या राहून हसत होत्या. सरही हसले, पण घड्याळ बघून. अर्ध्या तासाने माझा अंगठा पेटला. आणखी दहा मिनिटं मी निव्वळ अभिमानावर काढली.

मग सरांच्या खुर्चीसमोर तेवढ्याच उंचीची खुर्ची ओढली. मधे एक स्टूल ठेवलं. बसले, आणि माझा उजवा पाय स्टुलावर ठेवला, सरांच्या नाकासमोर.

"आधी तुमी माहा पाय पाहा, सर."

इतकी वर्षं लोक त्यांच्या पायांशी आले होते. त्यांच्यासमोर कोणी स्वतःचा पाय पुढे करायची ही पहिलीच वेळ असणार. पण सर हाडाचे तपासनीस. त्यांनी पेपर वाचायचं भिंग घेतलं, आणि वाकले. माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात लाल झालं होतं, कातडी सुटायला आली होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"चावलं आहे," ते म्हणाले. "दुखतं?"

"मरणाचं दुखून राहिलं."

सरांनी भिंग खाली ठेवलं. ते फळ्याकडे बघत राहिले.

"सिद्धता कच्ची आहे," शेवटी ते म्हणाले. "पण शंका पक्की आहे." आणि मग हळूच, "पण तू वाकायचं नाहीस."

"कोण वाकते, सर? तुमी पाय वर करा."

त्यांनी पाय वर केला. मी खुर्चीत ताठ बसलेली, स्टुलावर त्यांचा पाय, माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर. डावा मोजा सहज निघाला. उजवा अंगठ्यापाशी चिकटला होता. मी स्वच्छ पाण्याने तो भिजवत भिजवत सोडवला. वरून पाहिलं तर पाय नीट होता, म्हणूनच कोल्हापुरी घातलेला असतानाही कोणाला काही दिसलं नव्हतं. अंगठा आणि शेजारचं बोट मी अलगद फाकवलं. बेचक्यात जखम होती, बोटाच्या पेराएवढी, आत पिवळी, आणि वास येत होता. चामड्याच्या अंगठ्याने दोन आठवडे रोज तासभर ती जागा खाल्ली होती.

मी विचारलं, दुखतं का?

"काय?" सरांनी विचारलं.

त्यांना माझा हात तिथे लागला आहे हेच समजलं नव्हतं. काकूंनी तोंडाला पदर लावला. मी स्वतः काही लेप लावला नाही, हळद लावू दिली नाही, गरम पाणी घालू दिलं नाही. स्वच्छ कापड ठेवून तासाभरात त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि विचारलं की हे कोणी शोधलं, कारण आणखी आठवडा गेला असता तर अंगठा राहिला असता की नाही ते सांगता येत नव्हतं.

"हिने," सर म्हणाले. "डोकं लावून."

माझ्या नाटकांना टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पण हे दोन शब्द मी घरी जाऊन आईला तीन वेळा सांगितले. तिसऱ्या वेळी अभिनयासह.

जखम भरायला उन्हाळा उजाडला. त्या काळात सर जितके वाईट पेशंट असू शकतात तितके होते. पायावर भार द्यायचा नाही म्हटलं की उभं राहून वाद घालायचे. संत्रा बर्फी कंपासपेटीत लपवायचे. मला पहिल्यांदा सापडली तेव्हा ते म्हणाले, हा त्रिकोण आहे. मी म्हटलं, मग क्षेत्रफळ काढून मी खाते, आणि खाल्ली. अंगठा वाचला. सरांना मऊ तळव्याच्या, पट्ट्यांच्या चपला मिळाल्या, इतक्या बेढब की काकूंनी त्यांना 'नावा' म्हणायला सुरुवात केली. कोल्हापुरी गेली पुस्तकांच्या कपाटावर.

फळ्यावर शुगरच्या रकान्याशेजारी सरांनी स्वतःच्या हाताने नवा रकाना आखला: पाय. रोज सकाळी दोन खुर्च्या, मधे स्टूल. तळवा, टाच, बोटांची बेचकी, कोरडं करून घेणं, चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवणं. सगळं ताठ पाठीने. ब्यूरोच्या नव्या बाया आता एक दिवस माझ्याबरोबर ते पाहायला येतात. त्या सवयीने खाली बसायला गेल्या की सर त्यांना उठवतात आणि खुर्ची दाखवतात. माझी कंबरही तेव्हापासून दुखत नाही, हा वरचा फायदा.

मग आला एक्याऐंशीवा वाढदिवस. हॉल माजी विद्यार्थ्यांनी भरलेला, सगळे पन्नास-साठीचे. पहिला वाकला तसं सरांनी त्याला अडवलं. स्टुलावर उघडा पाय ठेवून बसले होते. म्हणाले, या पायांना तुम्ही सगळ्यांनी हात लावला, पाहिले एकानेही नाहीत. आजपासून आधी पाहायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. झालं, तोंडी परीक्षाच सुरू झाली. एक मोठे इंजिनीअर अंगठ्याचा वण शोधताना घामाघूम झाले. मी निकालपत्र धरल्यासारखी शेजारी उभी.

शेवटी आला तो कोल्हापुरी आणणारा. धिप्पाड गडी, सीताबर्डीला कापडाचं मोठं दुकान. काकूंकडून सगळी हकीकत ऐकून त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, सर, मी तं प्रेमानं आणली होती. सर म्हणाले, ते माहीत आहे. मग त्यांनी सहज विचारलं, तुला शुगर आहे का रे?

"थोडीशी," तो म्हणाला.

नागपुरात सगळ्यांना थोडीशीच असते. किती वर्षांपासून, असं मी विचारलं. त्याने बोटं मोजली आणि दोन्ही हातांची संपली. सरांनी फक्त स्टुलाकडे बोट केलं.

मी माझ्या खुर्चीत बसले, तो समोर बसला. त्याने बूट काढला तसं आतून काहीतरी टणकन फरशीवर पडलं आणि घरंगळत काकूंच्या पायाशी गेलं. शर्टाचं बटण. मोजा उतरवला. तळव्यावर बटणाचा गोल ठसा, चारही भोकांसकट. सकाळपासून तो त्यावर उभा होता. दुकानात, रस्त्यात, इथे. कातडी अजून फुटली नव्हती.

त्या गड्याने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, मग सरांच्या अंगठ्याकडे, आणि त्याचे डोळे भरून आले. तो खुर्चीतून पुढे सरकला आणि दोन्ही हात माझ्या पायांकडे नेत खाली झुकायला लागला.

मी माझे सात नंबरचे पाय झटकन खुर्चीखाली ओढले, अगदी सरांसारखे.

"वाकू नका, दादा," मी म्हटलं. "नीट बसा. दुसरा पाय वर करा."